शेगडीला गेलेला तडा

आबांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, जबड्याचं ऑपरेशन ठरलं तेव्हा डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं, यापुढं नळीनंच खावं लागेल. हातात चार दिवस होते. घरी आल्यावर आबा एवढंच म्हणाले, "येकदा हुरडा खायाचा व्हता."

शेंद्र्याची आमची जमीन कधीच कारखान्यांत गेलेली. मी पाचोडच्या मामांकडून ज्वारीची कोवळी कणसं आणवली आणि गच्चीवर माझी सिरॅमिकची शेगडी पेटवली. बुटकी, जाड, गोल झाकणाची. तिच्यावर माझा फार जीव. बायकोलासुद्धा मी तिला हात लावू देत नसे.

दुपारच्या उन्हात आबा तिच्यापुढं मांडी घालून बसले, शेतातल्या आगटीपुढं बसायचे तसे. कणीस भाजायचं, गरम असतानाच तळव्यावर चोळायचं, फुंकर मारून दाणे दुसऱ्याच्या हातावर द्यायचे. चोळणाऱ्यानं शेवटी खायचं, ही आमच्या शेतावरची रीत. सगळ्यांची पोटं भरली, मग त्यांनी स्वतःसाठी मूठभर चोळला. आणि तोंडात टाकण्याआधी तांब्यातलं पाणी निखाऱ्यांवर ओतलं. रानात विस्तव विझवल्याशिवाय त्यांना घास गोड लागत नसे.

टच्च आवाज झाला. शेगडीला वरपासून खालपर्यंत तडा गेला.

"अक्कल हाय का तुम्हाला? झाकण लावलं की इझती ती!" मी पोरांदेखत ओरडलो. जीभ झडायला हवी होती माझी.

आबांनी मुठीतला हुरडा कठड्यावर ठेवला. "मला काय म्हाईत, बाबा," म्हणाले आणि भिंत धरत जिना उतरले. मी त्यांच्यामागं गेलो नाही, तडा बघत बसलो. दाणे चिमण्यांनी खाल्ले.

अजून तीन दिवस होते. कणसं होती, तवा होता, घरात गॅस होता. पण माझा राग उतरला नव्हता आणि त्यांनी पुन्हा मागितलं नाही. असा मी नालायक.

ऑपरेशननंतर बोलता येईना, म्हणून त्यांना माझ्या मुलीची पाटी दिली. दुसऱ्या दिवशी त्यांनी लिहिलं, "शेगडी नीट झाली का?"

"झाली," मी खोटंच म्हणालो.

त्यांनी तळव्यानं पाटी पुसली आणि पुन्हा लिहिलं, "मंग पोरांला हुरडा भाज."

आबा घरी परत आले नाहीत.