चाचा, भिंग आणि माझा हात

नेरूळच्या दुरुस्तीवाल्या चाचांनी मला वाचवलं, हे आधी सांगते. मी परभणीकडची, सातवीत शाळा सोडलेली. इथे एका आजींना सांभाळते, त्यांच्याच घरी राहते. त्यांच्या मुलाच्या लहानपणीचा व्हिडिओ गेम पुसताना मी झाकण उघडून आतही ओलं फडकं फिरवलं. त्यानंतर सीडी नुसतीच फिरायची, गेम सुरूच होईना. काम गेलं तर राहायचं कुठे? गेम पिशवीत घालून चाचांच्या दुकानात धावतच गेले.

चाचा कुठलीही वस्तू उघडण्याआधी तिला कान लावतात.

"फिरतंय ना, म्हणजे जिवंत हाय. सीडी वाचणाऱ्या भिंगावर डाग पडला असेल." त्यांनी कापसाची काडी स्पिरिटात बुडवून मलाच दिली. "तूच पूस, बेटा. मोतीबिंदूनं मला एवढं बारीक दिसत नाय."

"माझ्याच हातानं बिघडलंय, चाचा."

"मग त्याच हातानं होऊ दे. दाबू नको फक्त."

अलगद पुसलं आणि गेम दुकानातल्या टीव्हीला जोडला. गेमचं गाणं वाजलं तसे चाचा टीव्हीकडे न बघताच हसले, "लागला बघ!"

मोतीबिंदूचं ऑपरेशन ते टाळतात. नंतर डोळ्यांत औषध कोण घालणार, म्हणतात. चाचा, ते थेंब मी घालीन, रोज, न चुकता.