तोंडी परीक्षेची सूचना
शेजारी कुणी सुकट भाजली की मला काशीदजवळची आमची भाड्याची जागा आठवते. आम्ही तिघी पीएचडीच्या किनाऱ्यावरच्या अभ्यासासाठी तिथे राहत होतो आणि एकमेकींना जेवायला बोलवायचो तेही विद्यापीठाच्या भाषेत चिठ्ठी लिहून. एकदा आमच्यातल्या एकीच्या प्रबंधाचं प्रकरण मार्गदर्शकांनी तिसऱ्यांदा परत पाठवलं, तेव्हा तिने खोलीचं दार लावून घेतलं आणि दोन दिवस नीट जेवलीच नाही. आम्ही दाराखालून चिठ्ठी सरकवली : ‘तोंडी परीक्षा, दुपारी एक वाजता. विषय : सुकट आणि तांदळाची भाकरी. उमेदवाराने रिकाम्या पोटी हजर राहावे.’ घरमालकीण कोळीणकाकूंनी चिठ्ठीत काय आहे ते विचारलं, आम्ही सांगितलं, तशा त्या ताट वाढून स्वतःच दाराशी गेल्या. “उघड गो, परीक्षा घ्यायला मी आलीय!” आत आधी हसू फुटलं, मग कडी निघाली. डोळे पुसत दोन भाकऱ्या खाऊन झाल्यावर ती म्हणाली, “काकू, मीठ जास्त झालंय.” “चव कलली ना? मंग बरी हायस तू,” काकू म्हणाल्या. आता मीही मार्गदर्शक आहे. प्रकरण परत करण्याआधी मी “जेवलीस का?” असं विचारते, आणि तेवढ्यावरूनच मुली काय ते ओळखतात.