एका बिडीचा वेळ

लग्नाचं शूटिंग करणाऱ्या माणसाकडे किस्से किती असतात, हे विचारूच नका. नवरदेव घोड्यावरून पडतो, मामा रुसून बसतो, आणि आम्ही ते टिपून ठेवतो. पण त्या दुष्काळात आमच्या शिरूर कासारकडची लग्नं पुढं ढकलली गेली आणि माझा कॅमेरा कपाटात जाऊन बसला. तेवढ्यात शाळेतले दिगंबर सर दुकानात आले. म्हणाले, "आपल्याकडच्या जुन्या जाणत्या माणसांवर फिल्म करू. निदान पोरांना कळू दे!"

त्या एका फिल्मनं मला जेवढे किस्से दिले, तेवढे शंभर लग्नांनी दिले नाहीत. मित्र चहाला जमले की अजून म्हणतात, "सांग की बे!" आधी हसत हसत सांगायचो. आताही सांगतो, पण चहा थंड होतो.

* * *

आमचे हिरो भुजंगतात्या. वडार वस्तीवरचे, सत्तरी ओलांडलेले. बापानं, आज्यानं, पणज्यानं विहिरीच खोदल्या. तात्या विहिरीच्या तळाला पहार आपटायचे, खडकाला कान लावायचे आणि खाली पाणी आहे की नाही ते सांगायचे.

हे टिपायला मी बीडहून भारीतला माईक भाड्यानं आणला. हेडफोन लावून अर्धा तास बसलो.

"तात्या, मला तर नुसतं ठक ठक ऐकू येतंय!"

तात्यांनी माईककडं कीव आल्यासारखं बघितलं. "मंग तुमचं मशीन भईरं हाय."

* * *

दुसऱ्या दिवशी विहिरीत उतरण्याचा सीन होता. तात्यांनी आधी कमरेला दोराची गाठ मारून दाखवली. कितीही वजन पडलं तरी ती सुटत नाही आणि पोटाला काचतही नाही. तात्या खाली गेले, वर आले. सर म्हणाले, "तात्या, उजेड नीट नव्हता. परत एकदा उतरता का?"

"कावून? जित्ता वर आलो न्हवं? मंग झालं की!"

आम्ही इतके हसलो की शूटिंग थांबवावं लागलं.

* * *

पण उतरायच्या आधीचा एक सीन होता, तो हसण्यासारखा नव्हता. तात्यांनी कंदील पेटवला, दोराला बांधून विहिरीत तळापर्यंत सोडला आणि काठावर बसून बिडी शिलगावली. मी कॅमेरा चालू ठेवला. दोन मिनिटं काहीच घडेना.

"आता काय, तात्या?"

"आता थांबायचं. बिडी सरंस्तोवर दिवा जळला तर माणूस उतरतो. इझला तर खाली हवा खराब हाय, माणूस उतरत न्हाई."

मग आपणहून म्हणाले, "तलवाड्याला कामाला गेलतो. माझा धाकला भाऊ आर्ध्या बिडीतच उतरला. दम निघंना त्याला. मीच वर काढला." बिडी संपेपर्यंत ते खालच्या कंदिलाकडं बघत राहिले. शेवटी थोटूक विझवून एवढंच म्हणाले, "पोरांना बाकीचं काय बी दावू नका. पर हे दावा."

* * *

फिल्म दाखवायला गावच्या सेवा सोसायटीचे चेअरमन साहेब हॉल आणि प्रोजेक्टर द्यायला तयार झाले. अट एकच, सुरुवातीला त्यांचं मनोगत! हातात पाण्याची बाटली घेऊन साहेब कोरड्या विहिरीच्या अगदी काठावर उभे राहिले. "आमच्या सोसायटीच्या माध्यमातून..."

"सायेब, मागं सरा. काठ कच्चा हाय," तात्या म्हणाले.

"अहो, काही होत नाही!"

तात्या माझ्या कानाशी आले. "पडले तर मलाच उतरावं लागंल. वर मनोगत बी ऐकावं लागंल!"

* * *

एडिटिंगला बसलो. फिल्म दहा मिनिटांत बसवायची होती आणि मनोगतच अडीच मिनिटांचं झालं होतं. त्यात सर कंदिलाच्या सीनला अडखळले. "अरे, ही शाळेत दाखवायची आहे. बिडी कशी चालेल?"

बिडी काढावी तर कंदील आणि बिडी एकाच फ्रेममध्ये. बोलणं घ्यावं तर त्यातही बिडीच. मी म्हणालो, "सर, तसंही दोन मिनिटं काही घडतच नाही. सगळंच उडवू." सर "बरं" म्हणाले. लग्नात भटजींचे मंत्र कापतो तसा मी तो सीन कापला.

* * *

सोसायटीचा हॉल भर दुपारी खिडक्या लावून अंधारा केला होता. फिल्म संपली आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. टाळ्या थांबल्यावर तात्यांनी अंधारातच विचारलं, "दिवा कुठं हाय?"

शिपायानं धावत जाऊन ट्यूबलाइट लावली.

सगळा हॉल हसला. तात्या पुन्हा म्हणाले, "आवो, दिवा कुठं हाय?" शिपायानं दुसरी ट्यूबही लावली! लोक हसून हसून लोळायचे बाकी राहिले. हसणाऱ्यांत मीही होतो, आणि दिवा कुठं गेला ते त्या हॉलमध्ये फक्त मला आणि सरांना माहीत होतं. हा किस्सा मी कित्येक महिने सगळ्यांना रंगवून सांगितला. त्याची लाज आजही वाटते.

* * *

ऊसतोडीला माणसं गेली आणि फिल्म मोबाईलवरून त्यांच्या मागं कारखान्यावर पोचली. एके दिवशी सुनीलचा फोन आला. सुनील म्हणजे आमच्या गल्लीतल्या अंकुशभाऊंचा एकुलता एक मुलगा.

"भाऊ, ती गाठ मला लई भारी जमली! उसाच्या मोळीला बांधून बघितली, सुटतच न्हाई. ह्या बारीला घरी आलो की आपली जुनी इहीर मीच खोल करणार!"

मी सरांना लगेच फोन लावला. "सर, पोचली आपली फिल्म!" त्या संध्याकाळी आम्ही पेढे खाल्ले.

* * *

गाळप संपून कारखान्याचा पट्टा पडला, माणसं घरी आली. त्याच आठवड्यात सुनील विहिरीत उतरला. वर दोर धरून अंकुशभाऊ उभे. विहीर कित्येक वर्षं झाकलेली होती. खालून ओ येईना तेव्हा त्यांनी दोर ओढला.

मी भेटायला गेलो तर अंकुशभाऊंनी माझाच हात हातात घेतला. "गाठ काय पक्की बांधलती हो त्यानं. तुमच्या पिक्चरमदी बघूनच शिकला. पार वर काढला तरी सुटली न्हाई."



* * *

तेराव्यानंतर सर दुकानात आले. "बिडी मी काढायला लावली."

"सर, कापलं मी."

आम्ही कॉम्प्युटर चालू केला. कापलेला सीन होता तसा बिडीसकट परत जोडला. चेअरमन साहेबांचा फोन आला. "माझं भाषण ठेवू नका," एवढंच बोलून त्यांनी ठेवून दिला.

पुन्हा तोच हॉल, पुन्हा बंद खिडक्या. अंकुशभाऊ येतील असं कुणालाच वाटलं नव्हतं. ते आले आणि पहिल्या रांगेत तात्यांच्या शेजारी बसले. शिपाई बटणाजवळ उभा होता, पण त्यानं हात मागं बांधले होते.

पडद्यावर कंदील खाली गेला. तात्यांनी बिडी शिलगावली. दोन मिनिटं हॉलमध्ये कुणी खोकलंसुद्धा नाही. बिडी संपली. तळाशी कंदील तसाच जळत होता.

अंकुशभाऊ उठून उभे राहिले.

"इझला न्हाई रे, सुनील. आता उतर."