सव्वा महिन्याआधी बाळाचे डोळे तपासायचेत

रात्रभर झोपले नाही. बाळाच्या डोळ्यांकडेच बघत बसलेले.

बाळ आठव्या महिन्यात झालं, सव्वा किलोचं. पेटीत होतं, ऑक्सिजन लावलेला. घरी सोडताना डॉक्टर बोललेले, तीस दिवसांच्या आत डोळे तपासून घ्या. आज सत्ताविसावा दिवस.

सकाळी दवाखान्यातल्या नर्सताईंना फोन करून विचारलं, "डोळे तर छान दिसतात, मग बघायचं काय?"

"अगं, आजार आत पडद्यावर असतो, वरून नाही दिसत. लवकर जन्म, कमी वजन, ऑक्सिजन, तुझ्या बाळाला तिन्ही लागू आहेत. उशीर केलास तर नजर जाऊ शकते."

श्वासासाठी दिलेला ऑक्सिजन डोळ्यांना कसा काय बाधतो? कोणाला माहीत असेल तर सांगा ना.

मी माहेरी आहे. आई बोलते, "सव्वा महिन्याआधी बाळ उंबऱ्याबाहेर न्यायचं नाही."

मी बोलले, "पेटीत होतं तेव्हा कुठे पाळलं?"

"ते वेगळं."

माझा भाऊ संदीप रिक्षा चालवतो. तोपण बोलतो, "दहा दिवस थांब ना, डॉक्टर घाबरवतातच."

तो माझं ऐकत नाही, बाहेरच्यांचं ऐकतो. आंबिवलीत त्याला ओळखणारं कोणी हे वाचत असेल तर प्लीज त्याला फोन करा. बोला, उद्या सकाळी बहिणीला आणि बाळाला दवाखान्यात घेऊन जा.