शोरा ओर्शुलाच्या साठ खुर्च्या

आमच्या ब्रिस्तोवोत सगळ्यांना पक्कं ठाऊक आहे की शोरा ओर्शुला तरुणपणी व्हिएन्नात व्हायोलिन वाजवायची. कुणा कंडक्टरने तिला फसवलं, तिने व्हायोलिन नदीत फेकलं आणि मिळेल त्या बोटीने घरी आली. बेकरीवाली ही गोष्ट सांगताना 'फेकलं'वर हातातला पाव खरोखर उचलते. न्हावी सांगतो तेव्हा नदीवर पूल येतो. पोस्टमनच्या गोष्टीतल्या कंडक्टरला दोन बायका आहेत.

सगळं खोटं. शोरा ओर्शुलाने जन्मात व्हायोलिनला हात लावलेला नाही. स्प्लिट शहराच्या पलीकडे ती एकदाच गेली, तीही दाढ काढायला. चौतीस वर्षं ती बंदरावरच्या कारखान्यात डब्यांत सार्डिन मासे भरत होती. डोकं इकडे, शेपूट तिकडे. डोकं इकडे, शेपूट तिकडे. स्वरलिपी तिच्यासमोर धरलीत तर ती म्हणेल, यावर माश्या कुणी बसू दिल्या?

हे मी तिच्याच तोंडून ऐकलंय. आणि तिचं तोंड मला चांगलं जमतं. आधी दोनदा घसा साफ करायचा, कंबरेवर हात, हनुवटी पुढे, आणि प्रत्येक गोष्टीच्या शेवटी 'आणि झालं!' असं म्हणायचं की जणू डब्यावर झाकण बसवलं.

"युनियनने कारखान्यात मैफलीची तिकिटं वाटली," ती सांगते. "कुणी घेईना. मी घेतलं. का? तर सकाळपासून उभी होते, आणि तिकिटावर छापलं होतं, खुर्ची क्रमांक सात. खुर्ची, पोरी! मी खुर्चीसाठी गेले. आणि झालं!"

समोर चौघं बसले होते. दोन व्हायोलिनं, एक व्हायोला, एक चेलो. एकाने भुवई उचलली की बाकीचे तिघं सुटायचे. "आमच्या टेबलावर अगदी हेच. मी, फिलोमेना, मात्ते आणि धाकटी कार्मेला. 'एक, दोन, तीन' कुणी म्हणायचं नाही. एकीने श्वास घेतला की आठही हात डब्यांत. मी म्हटलं, अरे, हे तर आपलंच काम करतायत. फक्त वास येत नाहीये!"

तेव्हापासून त्रेचाळीस उन्हाळे, दर गुरुवारी संध्याकाळी सात वाजता, सेंट रोकोच्या चौकात, खुर्ची क्रमांक सातवर शोरा ओर्शुला. नवरा वारला त्या वर्षीही आली. काळे कपडे घालून आली, एवढाच फरक.

आणि गावातलं बाकी कुणी? कुणीही नाही. म्हणजे, सगळेच.

आमच्या चौकात एकोणीस खिडक्या आहेत. गुरुवारी पावणेसातला सगळ्यांच्या लाकडी झडपा उघडतात. चौकटीवर उशा येतात, उशांवर कोपरं येतात. कुणी शेंगा सोलतंय, कुणी पायाला लिंबू चोळतंय, आणि खाली चर्चच्या पायऱ्यांवर चार वादकांची चौकडी वाजवते ती थेट आमच्या घरांत येते. माझ्या आजीची खिडकी आईकडे आली, आईची माझ्याकडे येईल. तिकीट एका कॉफीच्या किमतीचं, पण ते काढायचं म्हणजे नाक कापल्यासारखं. खाली खुर्चीवर बसतात ते पाहुणे: लाल झालेली नाकं, कमरेला पाण्याच्या बाटल्या. म्हणून शोरा ओर्शुला चौकात उतरली की बार्बा लुक्शा वरून ओरडायचा, "काय हो पर्यटक! मुक्काम किती दिवस?" (आमच्याकडे वयाने मोठ्या बाईला शोरा आणि बाप्याला बार्बा म्हटलं नाही तर कानाखाली बसते. पर्यटक म्हटलं तर चालतं.)

या वर्षी या उन्हाळी संगीत महोत्सवाला नवा संचालक आला. नाव तिबोर. पांढरे बूट, आणि प्रत्येक वाक्याला 'बरोबर ना?' असं शेपूट. जूनमध्ये त्याने कार्यक्रमाचा कागद चर्चच्या दारावर लावला. शनिवारी ऑपेरा होता तसाच. रविवारी मेणबत्त्यांच्या उजेडात सिनेमातली गाणी. मंगळवारी एक चेलो आणि एक लॅपटॉप. गुरुवारपुढे चौकडी होती, पण तिच्याखाली बारीक अक्षरात लिहिलं होतं: शेवटचं वर्ष.

शोरा ओर्शुलाने तो कागद दोनदा वाचला आणि तशीच त्याच्या कचेरीत शिरली. दार उघडं होतं आणि मी योगायोगाने बाहेर माझ्या चपलेचा पट्टा नीट करत होते. बराच वेळ.

"आजी, गेल्या वर्षी गुरुवारी सरासरी अकरा तिकिटं गेली," तिबोर म्हणाला. "अकरा माणसांसाठी चार वादक. हे कसं चालेल? बरोबर ना?"

"आजी तुझ्या घरी. इथे मी शोरा ओर्शुला. आणि ऐकणारे अकरा नाहीत, शंभर आहेत."

"कुठे?"

"वर."

"वरचे मला मोजता येत नाहीत. मला खुर्चीवर बसलेले मोजता येतात. बरोबर ना?"

तो माणूस वाईट नव्हता. जरा विचार करून म्हणाला, ऑगस्टच्या पहिल्या गुरुवारी खुर्च्यांवर साठ माणसं दाखवा, चौकडी राहील. नाहीतर गुरुवारीही मेणबत्त्या.

"साठ. आणि झालं!" म्हणत ती बाहेर आली आणि तिने मला पट्ट्यासकट पकडलं.

"पोपटा, ऐकलंस ना सगळं?"

"काहीच नाही, शोरा ओर्शुला."

"माझी नक्कल करतेस म्हणे. बेकरीत लोक पाव घ्यायचे विसरतात म्हणे."

मी चपलेकडे बघितलं. मग तोंड आवरलं नाही. "साठ येणार नाहीत. या गावातले साठ लोक खाली उतरण्यापेक्षा चर्च वर चढेल."

"लाव पैज."

पैज अशी ठरली: साठ भरले नाहीत तर तिच्या अंजिराच्या झाडावर मी उन्हाळाभर हवं तेव्हा चढायचं. त्या झाडाजवळ कुणी गेलं तर ती पाण्याची नळी सोडते, हे लक्षात घ्या. आणि साठ भरले तर चर्चच्या पायरीवर उभं राहून, सगळ्या चौकासमोर, तिच्या तोंडावर मी तिची नक्कल करायची.

मला अंजिरांची चव आत्ताच यायला लागली होती.

जुलैभर ती दारोदार फिरली. मी मागोमाग जायचे, कारण असे आवाज रोज ऐकायला मिळत नाहीत.

बार्बा लुक्शा: "खुर्ची माझ्या पाठीला मानवत नाही गं." हा माणूस खिडकीत दोन दोन तास वाकून उभा असतो.

शोरा मांदे: "खाली गेले आणि घरात चोर शिरला तर?" चोराने तिच्या घरातून न्यायचं तर मांजर न्यावं लागेल, आणि ते त्याला चावेल.

पोस्टमन: "लोक काय म्हणतील? पगार वाढला म्हणतील."

आणि माझी आई, कपडे वाळत घालताना: "वरून फुकट ऐकू येतं तर खाली का बसायचं, शोरा ओर्शुला? उलट वरून जास्त छान येतं."

"येतं ना?" शोरा ओर्शुला म्हणाली. दारातच उभी राहिली. मग वळून निघाली ती सरळ चौकात.

चर्चच्या समोरच्या बाजूला आमच्याकडे बुटक्या दगडी कमानींची एक पडवी आहे. वर शोरा मांदेचं घर. शोरा ओर्शुलाने मला हाताला धरून त्या पडवीत नेलं. वर मांदे खिडकीत होतीच, ती कायम असते.

शोरा ओर्शुला नेहमीच्या आवाजात म्हणाली, "मांदेचं माशांचं सार म्हणजे नुसतं गरम केलेलं समुद्राचं पाणी."

मांदे अशा गोष्टीसाठी तीन पिढ्यांशी बोलणं टाकते. पण वरून आवाज आला, "काय गं कुजबुजताय दोघी? मोठ्याने बोला की! या पाकोळी पाखरांच्या कलकलाटात काही कळत नाही!"

"कारखान्यातून सुटलो की आम्ही चौघी इथेच थांबायचो," शोरा ओर्शुला म्हणाली. "फिलोमेनाची सासू तेव्हा वर राहायची. दहा वर्षं आम्ही तिच्या पायाखाली उभं राहून तिच्यावर बोललो. समोरच्या खिडक्यांनासुद्धा कधी कळलं नाही. इथलं बोलणं कमरेच्या उंचीने निघतं, चौकातल्या विहिरीपर्यंत जातं आणि बसतं. आणि झालं!"

मला समजलं. अंजिरं जरा लांब गेल्यासारखी वाटली. पण मी स्वतःला सांगितलं, गावाला मी ओळखते. गाव हट्टी आहे.

ऑगस्टचा पहिला गुरुवार. चौकडी दुपारीच आली, चार तरुण मुलं, चेलोवाली सगळ्यांत लहान. पायऱ्यांवर ऊन तापलेलं. शोरा ओर्शुला तिच्याजवळ गेली आणि म्हणाली, "बाळा, या उन्हात वाद्याच्या लाकडाचं काय होईल? पडवीत सावली आहे." चेलोवालीने तिच्याकडे असं पाहिलं जसं बुडणारा होडीकडे बघतो. पाच मिनिटांत खुर्च्या, स्टँड, सगळं पडवीत. प्रेक्षकांच्या खुर्च्या पडवी आणि विहिरीच्या मध्ये. तिबोरने खांदे उडवले. त्याला सावली चालत होती. त्याला फक्त मोजायचं होतं.

पावणेसातला एकोणीस खिडक्या उघडल्या. उशा आल्या. खाली शोरा ओर्शुला सात नंबरवर, आणि लाल नाकांचे दहा पाहुणे. मी आमच्या खिडकीत, आईशेजारी, खुशीत.

सात वाजले. चार गज हलले.

आणि वर काही आलंच नाही. पाकोळ्या चौकावर गिरक्या घेत किंचाळत होत्या, तेवढंच. खाली चौघं हात हलवतायत, चेलोवाली डोळे मिटून डोलतेय, पाहुण्यांच्या माना एका बाजूला कलल्यात, आणि आमच्या कानात फक्त चीं-चीं-चीं.

"हे काय?" बार्बा लुक्शा ओरडला. "अहो, जोरात!"

शोरा ओर्शुलाने मागे वळूनसुद्धा बघितलं नाही. नुसतं बोट ओठांवर ठेवलं.

बार्बा लुक्शा खिडकीबाहेर इतका वाकला की त्याच्या बायकोने त्याचा पट्टा धरला. शोरा मांदे सगळ्यांत चिडली, कारण संगीत तिच्या पायाखाली होतं आणि तिलाच येत नव्हतं. पहिला भाग संपला. खाली टाळ्या पडल्या नाहीत, या संगीतात दोन भागांच्या मध्ये वाजवत नाहीत, पण पाहुण्यांपैकी एक बाई डोळे पुसताना आम्ही सगळ्यांनी पाहिली.

ते सहन झालं नाही. आपल्या चौकात, आपल्या गुरुवारी, आपल्याआधी पाहुणे रडतात म्हणजे काय?

पहिलं दार बार्बा लुक्शाचं वाजलं. तो सपाता घालून आला, बगलेत खिडकीतली उशी. तिकिटाच्या टेबलावर नाणं ठेवताना त्याने मान दुसरीकडे वळवली, जणू ते दुसऱ्याच कुणाचा हात ठेवतोय. मग न्हावी. मग पोस्टमन, बायको, सासू. बेकरीवाली पिठाच्या हातांनी. मग दारं वाजायलाच लागली, आणि जिन्यांवर सपाता. मांदे आली ती मांजर काखेत मारून. चोराची भीती खरीच होती म्हणायची. तिकिटं संपली तेव्हा टेबलावरच्या मुलीने कार्यक्रमाचे कागद फाडून त्यांवर शिक्के मारले.

"मी जाते," आई म्हणाली.

"आई! तू पण?"

"मला चेलो आवडतो," ती म्हणाली, आणि सोळा वर्षांत हे मी पहिल्यांदा ऐकलं.

तिबोर विहिरीशी उभा राहून ओठ हलवत होता. मी वरून त्याच्याबरोबर मोजत होते. एकावन्न. पंचावन्न. अठ्ठावन्न. आई बसली. एकोणसाठ.

आणि दारं थांबली. अठरा खिडक्या रिकाम्या, आणि एकोणिसावीत फक्त मी. अंजिरं माझी होती. मला फक्त उभं राहायचं होतं. दुसरं काहीच करायचं नव्हतं.

मग दुसरा, संथ भाग सुरू झाला. म्हणजे गज हळू झाले त्यावरून कळलं. चेलोवालीने मान खाली घातली, पहिल्या व्हायोलिनवाल्याने भुवई उचलली, आणि एकोणसाठ माणसांनी एकाच वेळी श्वास घेतला. ते मी पाहिलं. सगळे खांदे एकदम वर गेले आणि खाली आले. बार्बा लुक्शाचे, मांदेचे, माझ्या आईचे. मी जगातल्या कुठल्याही माणसाचा आवाज काढू शकते, पण त्यासाठी आधी तो ऐकावा लागतो. आणि खाली असं काहीतरी चाललं होतं जे गावातल्या प्रत्येकाने ऐकलं आणि मी ऐकलं नाही.

जिना मी कधी उतरले ते आठवत नाही. चपला वर राहिल्या एवढं खरं. पैसे नव्हते म्हणून टेबलावर केसांची क्लिप ठेवली. शेवटची रांग, कडेची खुर्ची. बसले आणि चेलो पोटात शिरला.

विहिरीजवळून तिबोरचा आवाज आला, अगदी हळू, शेपटाशिवाय: "साठ."

सात नंबरवर शोरा ओर्शुलाची पाठ होती. ती पाठ वळली नाही. पण तिचा हात वर गेला, आणि उघड्या तळव्यावर दुसऱ्या तळव्याने, मुळीच आवाज न करता, तिने झाकण बसवलं.

शेवटी टाळ्या अशा पडल्या की पाकोळ्या उडून बंदराकडे गेल्या. बार्बा लुक्शा खुर्चीवर उभा राहिला, पाठ विसरून. मांदेने मांजर हवेत धरलं. चेलोवाली रडत हसत होती. आणि तिबोरने खिशातून पेन काढून चर्चच्या दारावरच्या कागदावरचं 'शेवटचं वर्ष' सगळ्यांदेखत खोडलं. लोक त्याच्याही नावाने ओरडले. त्याला वाटलं कौतुक आहे, आणि होतंही.

मी गर्दीतून सटकत होते. जवळजवळ आमच्या दारापर्यंत पोचले होते.

"पोपटा!"

सगळा चौक माझ्याकडे वळला. चौकडीसुद्धा.

मी पायरीवर चढले. अनवाणी, केस सुटलेले, समोर अख्खं ब्रिस्तोवो खुर्च्या वळवून बसलेलं. सगळ्यांत पुढे ती, हात छातीवर बांधून. मी दोनदा घसा साफ केला. हनुवटी पुढे. कंबरेवर हात.

"थांब," शोरा ओर्शुला म्हणाली. "डावा हात. उजवा खांदा माझा कारखान्यात गेला. हं, आता कर."