जयराज साहेबांची सुटका

कुंडलच्या बनुबाईचा नवरा मानसिंग फौजेतून निवृत्त होऊन आला आणि पलूसजवळच्या बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेज कंपनीत गेटवर वॉचमन म्हणून राहिला. पुढं कंपनी बुडाली. ती गुंडाळायला साताऱ्याचे जयराज साहेब लिक्विडेटर म्हणून आले, आणि थोड्याच दिवसांत त्यांनी मानसिंगवर तांब्याची केबल चोरल्याचा आळ घेतला. गेटवर, सगळ्या कामगारांदेखत, त्यानं साहेबांपुढं हात जोडले. साहेबांनी पोलिसांना बोलावलं.

पुराव्याअभावी केस उभी राहिली नाही, पण मानसिंग पुन्हा चावडीकडं फिरकला नाही. त्यानं युनिफॉर्मातला फोटोसुद्धा भिंतीवरून उतरवला. दुसऱ्या उन्हाळ्यात तो गेला. बनुबाई रडली नाही. दहाव्याला आलेल्या भावाला ती एवढंच म्हणाली, "त्या मानसाला मी सुखानं बसू देनार न्हाई."

संधी यायला बराच काळ जावा लागला. मालमत्ता विकून झाली तेव्हा साहेबांनी मुंबईच्या न्यायाधिकरणात अर्ज केला, की कंपनी विसर्जित करावी आणि मला जबाबदारीतून मुक्त करावं. कंपनीनं कामगारांना दिलेले मानसिंगच्या नावचे थोडे शेअर बनुबाईकडे आले होते, म्हणून तिलाही नोटीस आली. ती घेऊन ती सांगलीला संयोगिता वकिलीणबाईंकडे गेली.

"ह्यो सुटला की मग त्येला कुनी काय इचारू शकत न्हाई, व्हय?"

"फार अवघड होतं मग."

"मग सुटू द्यायचा न्हाई."

तिनं हरकत घेतली. केबल भरून नेणारा टेम्पोवाला पप्पू विट्याला राहत होता. बनुबाई त्याच्या दारात जाऊन बसली. तो टाळाटाळ करायचा, ती पुन्हा जाऊन बसायची. शेवटी त्याची आईच त्याला म्हणाली, "बोल की रं. त्या बाईचा मानूस गेलाय."

ही कुणकुण लागली तसे जयराज साहेब स्वतः कुंडलला आले. बनुबाईनं त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं.

"ताई, वय झालं माझं. मुलीकडे कॅनडाला जायचंय. तेवढी हरकत मागं घ्या. झालं गेलं, मी माफी मागतो."

"हितं नगो. चावडीवर चला. चार मानसांत सांगा, मानसिंगनं चोरी केली न्हाई म्हनून."

साहेबांनी नुसतेच हात जोडले.

"त्यांनी बी असंच जोडलं व्हतं," बनुबाई म्हणाली. "पानी प्या आन् निघा."

सुनावणी वकिलीणबाईंच्या ऑफिसातल्या कॉम्प्युटरवरच झाली. पप्पूनं शपथेवर सांगितलं, की केबल भरदिवसा भरली, साहेब शेजारी उभे होते आणि गेट उघडायलाही त्यांनीच सांगितलं. पडद्यावर साहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. न्यायाधिकरणानं त्यांना मुक्त करायला नकार दिला, पदावरून काढलं आणि चौकशी लावली. मानसिंगवर ठपका नाही, असंही निकालात लिहिलं. ते पान दादासो सरपंचांनी चावडीवर मोठ्यानं वाचलं. बनुबाईनं ते दुसऱ्यांदा वाचायला लावलं.

पुढं नव्या लिक्विडेटरनं उरलेलं काम संपवलं. कंपनी विसर्जित झाली आणि तो माणूस एका तारखेत मोकळा झाला. जयराज साहेबांवर मात्र चौकशीतून गुन्हा दाखल झाला आणि त्यांचा पासपोर्ट जमा झाला. त्यांना साताऱ्याहून पलूसच्या पोलीस ठाण्यात हजेरीला यावं लागतं.

हजेरीच्या दिवशी बनुबाई एसटीनं पलूसला जाते आणि ठाण्यासमोरच्या चहाच्या गाड्याजवळ उभी राहते. परवा सून रेश्मा म्हणाली, "आवं आत्या, कंपनी बी संपली, डाग बी धुतला गेला. आता बास की."

"तुला बास झालं आसंल," बनुबाई म्हणाली आणि चप्पल घालून निघाली.

साहेब त्या दिवशी काठी टेकत आले. पायऱ्यांवर थांबून त्यांनी दम घेतला. बनुबाईला त्यांची कीव आली नाही. त्यांनी मान वळवून तिच्याकडं बघेपर्यंत ती तिथनं हलली नाही.