शनिवारी उतरणारी विहीर

"आलेख छान आहे मॅडम. फक्त रोजचे आकडे काढा आणि महिन्याची सरासरी टाका," दळवी म्हणाले.

कर्जतजवळच्या आमच्या इंजिनीअरिंग कॉलेजच्या मीटिंग रूममध्ये आम्ही तिघंच होतो. दळवी एका उद्योगसमूहाच्या फाउंडेशनचे प्रोग्राम मॅनेजर. पाण्यावर डिजिटल साधनं वापरून संशोधन करणाऱ्या एम.टेक.च्या विद्यार्थ्यांना हे फाउंडेशन फेलोशिप देतं. मी सिव्हिलला शिकवते. फेलोशिप मिळालेली प्राजक्ता माझी विद्यार्थिनी. ती जवळच्याच पोशीर गावची. घरी भातशेती, वडील माथेरानच्या एका हॉटेलात कामाला. फेलोशिप नसती तर ती पदवीनंतर नोकरीलाच लागली असती.

तिचं काम सांगायला सोपं आहे. लॉगर नावाची बोटभर जाडीची स्टीलची नळी असते. ती दोरीनं विहिरीच्या तळाशी सोडायची. वरच्या पाण्याच्या दाबावरून पाणी किती आहे ते तिला कळतं. दर तासाला ती आकडा नोंदवते आणि काठावरच्या डब्यातलं सिमकार्ड तो मोबाइलवर पाठवतं.

प्राजक्तानं एक लॉगर खालापूर तालुक्यातल्या, डोंगराच्या पायथ्याच्या एका गावात लावला. गावाचं नाव देत नाही, कारण करार अजून लागू आहे. तिची सुगंधाआत्या त्या गावात दिलेली. परवानगी आत्यानंच मिळवून दिली.

"ठेव गं तुजं यंत्र," आत्या म्हणाली होती. "पन पानी कुटं जातंय त्ये आमाला सांगशील ना?"

"सांगेन की," प्राजक्ता म्हणाली. तिथे मी होते.

उन्हाळा लागला तसा आलेख बोलायला लागला. मंगळवार ते शुक्रवार पाणी हळूहळू उतरायचं. शुक्रवारी संध्याकाळपासून एकदम खाली जायचं, आणि सोमवारी थोडं वर यायचं. दर आठवड्याला हेच. प्राजक्तानं आधी गावाचे पंप तपासले. ते सगळे दिवस सारखेच चालत होते. डोंगराच्या पलीकडच्या विहिरीतही तिनं लॉगर सोडला होता. तिथे असं काही नव्हतं. गावाच्या वरच्या अंगाला वीकेंड बंगल्यांची स्कीम होती. लॉन, स्विमिंग पूल आणि खोल बोअरवेल.

महिन्याची सरासरी काढली की हे शनिवार-रविवार नाहीसे होतात. दिसतं ते एवढंच, की उन्हाळ्यात विहिरीचं पाणी कमी होतं. ते कोणालाही माहीत आहे.

"सरासरी कशासाठी?" मी विचारलं.

दळवींनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "मॅडम, ती स्कीम आमच्याच ग्रुपच्या कंपनीची आहे. मलाही हा आलेख आल्यावर कळलं."

"मग हे तुमच्याच उपयोगाचं आहे. वर दाखवा."

"दाखवलं. तिथूनच सरासरी आली."

ते खोटं बोलत नव्हते. करारात स्पष्ट होतं, की डेटा फाउंडेशनचा आणि परवानगीशिवाय तो बाहेर द्यायचा नाही. असं कलम बहुतेक करारांत असतं. मी प्राचार्यांकडे गेले. ते म्हणाले, "एका विहिरीपायी पुढच्या सगळ्या मुलांची फेलोशिप घालवायची का?" हा प्रश्न मला आजही चुकीचा वाटत नाही.

प्राजक्ता बाहेर पायरीवर बसली होती. "मॅडम, मी गावाला शब्द दिलाय."

"तुझी डिग्री अडकेल."

"माहीत आहे."

पुढच्या रविवारी ती विहिरीच्या कठड्यावर बसली आणि बायकांना मोबाइलवर आलेख दाखवला. कोणी आरडाओरडा केला नाही. एक बाई म्हणाली, "आमाला वाटलंच व्हतं. पन वाटून काय उपेग?"

गावकरी आलेखाचा फोटो घेऊन तालुक्याच्या ऑफिसात गेले. साहेबांनी नीट ऐकून घेतलं आणि संस्थेचा अधिकृत अहवाल आणायला सांगितलं. तो आम्हाला देता येत नव्हता. पण फोटो योग्य माणसांपर्यंत पोचला. काही दिवसांत फाउंडेशनचा टेक्निशियन आला आणि दोन्ही लॉगर काढून घेऊन गेला. पाठोपाठ करारभंगाचा मेल आला. फेलोशिप बंद.

मी दुसऱ्या दोन ठिकाणी अर्ज केले. एकीकडून उत्तर आलं, की आधीचा निधी रद्द झालेल्या प्रकल्पाचा विचार होत नाही. दुसरीकडून काहीच आलं नाही.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. प्राजक्ता रोज सकाळी विहिरीची पातळी गावातल्या बायकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकायची. तो तिच्या संशोधनाचा भाग नव्हता. पण झऱ्यातून पुरेसं पाणी साचलं की नाही ते बायकांना घरबसल्या कळायचं. साचलं असेल तरच त्या जायच्या आणि वरूनच दोरीनं शेंदायच्या. लॉगर गेला आणि ते बंद झालं. मग पुन्हा अंदाजानं जायचं. पाणी नसेल तर आतल्या दगडी टप्प्यांवरून उतरायचं आणि वाटीनं भरायचं.

मे महिन्यात सुगंधाआत्या अशीच उतरली आणि घसरली. खुबा मोडला. पनवेलला ऑपरेशन झालं. मी भेटायला गेले तेव्हा प्राजक्ता उशाशी बसली होती.

"लॉगर असता तरी पाणी वाढलं नसतं," मी म्हणाले. तिला बरं वाटावं म्हणून.

"नसतं वाढलं," ती म्हणाली. "पण त्या दिवशी आत्या गेली नसती."

आत्यानं डोळे उघडले. "नको गं मॅडमला बोलूस. त्यांनी का पानी नेलंय?"

आत्या पुन्हा उभी राहिली नाही. पावसाळ्यात, विहीर काठोकाठ भरलेली असताना, ती गेली. दिवसकार्याला मी गेले. प्राजक्ता सगळ्यांना पाणी देत होती.

तिनं एम.टेक. सोडलं. आता ती ऐरोलीत एका कंपनीत आहे. तिथे पाण्याशी संबंध नाही. बंगल्यांच्या स्कीमचा दुसरा टप्पा सुरू झालाय. गावात उन्हाळ्यात टँकर येतो.

यंदा माझ्या दुसऱ्या एका विद्यार्थ्यानं त्याच फेलोशिपसाठी अर्ज केला. विषय, माथेरानच्या डोंगरउतारावर स्वयंचलित पर्जन्यमापक. दळवींचा फोन लगेच आला. मंजूर, एकही दुरुस्ती नाही.

"वरच्यांना विषय फार आवडला," ते म्हणाले.

मुलांना मी आता पहिल्याच दिवशी सांगते. पाऊस मोजायला निधी लवकर मिळतो. उपसा मोजायचा असेल, तर पंप कोणाचा आहे ते आधी विचारून घ्या.